सर्वांच्या मालकीचा वेग

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी चीन देशात संकलित झालेल्या ‘गणिताचे नऊ अध्याय’ या ग्रंथाच्या आठव्या अध्यायाचा आरंभ एका शेतकरी हिशेबाने होतो. उत्तम प्रतीच्या धान्याच्या ३ पेंढ्या, मध्यम प्रतीच्या २ आणि कनिष्ठ प्रतीची १ झोडपली असता ३९ मापे धान्य निघते. उत्तम २, मध्यम ३ व कनिष्ठ १ घेतल्यास ३४ मापे निघतात. आणि उत्तम १, मध्यम २ व कनिष्ठ ३ घेतल्यास २६ मापे. तर प्रत्येक प्रतीच्या एका पेंढीत किती धान्य असेल? उत्तर असे, की उत्तम पेंढीत सव्वानऊ मापे, मध्यम पेंढीत सव्वाचार आणि कनिष्ठ पेंढीत पावणेतीन. श्रोत्यांनी घरी कागदावर ताळा करून पाहावा. तो अचूक जुळतो.

परंतु या प्रश्नात उत्तरापेक्षा रीत अधिक महत्त्वाची आहे. चिनी गणिती हे आकडे बांबूच्या काड्यांनी एका पाटावर स्तंभाशेजारी स्तंभ असे मांडीत. मग एका स्तंभाला योग्य संख्येने गुणून तो दुसऱ्यातून वजा करीत, आणि असे करीत एकेक अज्ञात संख्या काढून टाकीत. शेवटी एका स्तंभात एकच अज्ञात राही. ते कळले की उरलेली आपोआप उलगडत. इसवी सन २६३ मध्ये ल्यू ह्वी या टीकाकाराने ही रीत का बरोबर आहे याचे विवेचन लिहून ठेविले. पुढे युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गाउस या जर्मन गणितज्ञाने लघुग्रहांच्या कक्षा ठरविताना हीच रीत सुव्यवस्थित स्वरूपात वापरली, आणि आज ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. आकड्यांच्या अशा चौकटीला १८५० मध्ये सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञाने ‘मॅट्रिक्स’ हे नाव दिले आणि १८५८ मध्ये केली याने तिचे स्वतंत्र बीजगणित रचले. मराठी परिभाषेत तिला ‘आव्यूह’ म्हणतात.

पुलाच्या कमानीवरील भार, विजेच्या जाळ्यातील प्रवाह, उद्याच्या पावसाचा अंदाज, रुग्णाच्या शरीराचे यंत्राने काढलेले छायाचित्र, किंबहुना माणसाशी संभाषण करणारी नवी यंत्रेसुद्धा शेवटी या चौकटींच्या गुणाकारांवर उभी आहेत. म्हणून हा गुणाकार किती त्वरेने होतो, हा प्रश्न केवळ गणितज्ञांचा राहिलेला नाही. आणि त्या त्वरेचा मालक कोण, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरला आहे.

संगणक येण्यापूर्वी ही मेहनत किती जड होती, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. १९४६ मध्ये इंग्लंडमधील टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत १८ अज्ञातांच्या १८ समीकरणांचा एक संच सोडविण्यासाठी आला. टेबलावरची हाताने चालवावयाची गणकयंत्रे घेऊन चार माणसे त्या कामास बसली. त्यांपैकी एक होता ॲलन ट्यूरिंग आणि दुसरा जेम्स विल्किन्सन. एवढ्या बेरजा-वजाबाक्यांत प्रत्येक पायरीला थोडी थोडी चूक साचून शेवटचे उत्तर निरुपयोगी होईल, अशी भीती त्या काळच्या अनेक विद्वानांना वाटत असे. प्रत्यक्षात उत्तर अपेक्षेपेक्षा फारच चांगले निघाले. असे का झाले याचा शोध घेण्यात विल्किन्सनने पुढचे आयुष्य वेचले, आणि यंत्रावरील आव्यूह-गणितावर विश्वास ठेवता येतो हे सिद्ध करण्याचे मोठे श्रेय त्याच्याकडे जाते.

येथे कामाचे मोजमाप ध्यानात घेतले पाहिजे. दोन चौकटींचा गुणाकार करताना पहिलीच्या प्रत्येक ओळीचा दुसरीच्या प्रत्येक स्तंभाशी मेळ घालावा लागतो. चौकटीत १००० ओळी व १००० स्तंभ असतील, तर १०० कोटी गुणाकार आणि जवळजवळ तितक्याच बेरजा कराव्या लागतात. चौकटीची बाजू दुप्पट केली की काम आठपट होते. म्हणून नुसते यंत्र दुप्पट वेगवान झाले, तरी प्रश्नाचा आकार फारसा वाढविता येत नाही. वेग पाहिजे असेल, तर यंत्राबरोबर रीतही सुधारली पाहिजे.

ही सुधारणा ज्या वाटेने झाली, ती वाट आरंभी तरी खुली होती. विल्किन्सन आणि राइन्श यांनी १९७१ मध्ये आव्यूह-गणिताच्या आज्ञावलींचा एक संग्रह पुस्तकरूपाने छापला. ज्याला हवी त्याने ती आज्ञावली पुस्तकातून उतरून घ्यावी, तपासावी आणि वापरावी. अमेरिकेत आर्गॉन येथील सरकारी प्रयोगशाळेच्या आश्रयाने त्यांतूनच ‘आइसपॅक’ आणि १९७९ मध्ये ‘लिनपॅक’ हे संच तयार झाले. लिनपॅकच्या चार कर्त्यांपैकी जॅक डोंगारा या तरुणाने पुढे सारे आयुष्य याच कामी लावले आणि त्यास २०२१ सालचे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. त्याच १९७९ साली ‘ब्लास’ या नावाने आव्यूह-गणितातील मूलभूत क्रियांची एक सर्वसंमत यादी प्रसिद्ध झाली. ही यादी म्हणजे एक करार होता: वरची आज्ञावली लिहिणाऱ्याने अमुक नावाने क्रिया मागावी, आणि खालची आज्ञावली लिहिणाऱ्याने ती आपल्या यंत्रावर शक्य तितक्या वेगाने पुरवावी. दोघांनी एकमेकांना ओळखण्याची गरज नव्हती. हा साधा करार पुढे फार मोलाचा ठरला.

१९८० नंतरच्या दशकात एक नवीच अडचण उभी राहिली. प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा गणन करणारा भाग, झपाट्याने वेगवान होत गेला. परंतु जेथे आकडे साठविलेले असतात ती स्मृती त्या मानाने मागे राहिली. गणन करणारा रिकामा बसू लागला आणि आकड्यांची वाट पाहू लागला. किराणा दुकानाची उपमा येथे चालेल. दुकानदाराच्या हाताशी एक लहान फळी असते, मागे कोठार असते आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकास वखार असते. गिऱ्हाइकाने मागितलेल्या प्रत्येक जिनसासाठी दुकानदार वखारीपर्यंत धावू लागला, तर त्याचा हात कितीही चपळ असला तरी दिवसभरात थोडीच गिऱ्हाइके होतील. शहाणा दुकानदार एका खेपेत पोतेभर माल आणतो आणि तो संपेपर्यंत फळीवरूनच विकतो.

आव्यूहाच्या गुणाकारात असे करणे शक्य आहे, हीच त्याची खुबी आहे. मोठ्या चौकटीचे लहान लहान चौकोनी तुकडे पाडावेत. शंभर ओळींचे व शंभर स्तंभांचे दोन तुकडे जवळ आणले, तर २० हजार आकडे वाहून आणावे लागतात. पण त्यांच्यावर १० लाख गुणाकार करता येतात. म्हणजे एकदा आणलेला प्रत्येक आकडा शंभर वेळा उपयोगी पडतो. १९९० मध्ये ब्लासच्या करारात अशा तुकड्यांच्या क्रिया समाविष्ट झाल्या आणि १९९२ मध्ये त्यांच्या आधाराने ‘लॅपॅक’ हा नवा संच सिद्ध झाला. त्याचाही मूळ मजकूर सर्वांस खुला होता, आणि आजही आहे.

मध्यंतरी शुद्ध गणिताने वेगाचा एक निराळाच मार्ग दाखविला होता. १९६९ मध्ये फोल्कर श्ट्रासेन या जर्मन गणितज्ञाने अवघ्या काही पानांच्या निबंधात सर्वांना चकित केले. दोन ओळी व दोन स्तंभ असलेल्या चौकटींचा गुणाकार करण्यास आठ गुणाकार लागतात, ही समजूत त्याने खोटी ठरविली. बेरजा-वजाबाक्या वाढवून तेच काम सात गुणाकारांत होते. आठाचे सात झाले यात काय मोठे, असे वाटेल. पण मोठी चौकट तुकड्यांची, तुकड्यांचेही तुकडे, अशी उतरंड केली की ही बचत प्रत्येक पायरीस पुन्हा पुन्हा होते. १०२४ बाजूच्या चौकटीस दहा पायऱ्या लागतात. साध्या रीतीने १०७ कोटींहून अधिक गुणाकार होतात, तर श्ट्रासेनच्या रीतीने २८ कोटींच्या थोडे वर. अर्थात वाढलेल्या बेरजा आणि स्मृतीतील वाहतूक यांमुळे व्यवहारात एवढा लाभ होत नाही. लहान चौकटींना तर साधी रीतच बरी पडते. तथापि मोठ्या चौकटींसाठी ही रीत आज मुक्त आज्ञावलींत वापरली जाते.

याच सुमारास गणिताची रीत ही खाजगी मालमत्ता होऊ शकते काय, हा वादही पेटला; आणि त्याच्या केंद्रस्थानी एक मराठी नाव होते. ग्वाल्हेर येथे मराठी कुटुंबात जन्मलेले नरेंद्र करमरकर १९७८ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून पदवी घेऊन अमेरिकेत गेले. तेथे बेल प्रयोगशाळेत असताना १९८४ मध्ये त्यांनी मर्यादित साधनांचा सर्वोत्तम विनियोग शोधून काढणारी एक नवी रीत प्रसिद्ध केली. विमान कंपन्यांची वेळापत्रके, कारखान्यांचे उत्पादन, दूरध्वनीच्या तारांचे जाळे अशा अनेक ठिकाणी तिचा उपयोग होतो. या रीतीच्या प्रत्येक पावलाला एक मोठा समीकरणसंच सोडवावा लागतो. म्हणजे तिचा वेग आव्यूह-गणिताच्या वेगावरच अवलंबून असतो. करमरकरांची बुद्धी जगाने वाखाणली. परंतु ज्या कंपनीत ते होते तिने १९८८ मध्ये या रीतीचे पेटंट मिळविले, आणि ती चालविण्यासाठी खास यंत्रासह एक प्रणाली बाजारात आणली. तिची किंमत ८९ लाख डॉलर होती.

गणितज्ञांत यावरून मोठी खळबळ उडाली. पायथागोरसच्या सिद्धांताची सिद्धता विकत घ्यावी लागत नाही, मग समीकरणे सोडविण्याच्या रीतीवर कोणाचा पहारा का असावा, असा त्यांचा प्रश्न होता. उलट पक्षी, संशोधनावर पैसा खर्च करणाऱ्याने तो परत मिळवू नये काय, हाही युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. काळाने या वादाचा निकाल आपल्या पद्धतीने लावला. त्या रीतीवर आधारलेल्या अनेक सुधारित रीती विद्यापीठांतून निघाल्या, ती महागडी प्रणाली मागे पडली आणि २००६ मध्ये पेटंटची मुदतही संपली. आज करमरकरांची रीत मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोणाही विद्यार्थ्यास वापरता येते.

विकाऊ आणि मुक्त अशा दोन वाटा याच काळात स्पष्टपणे वेगळ्या झाल्या. क्लीव्ह मोलर या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना लिनपॅक व आइसपॅक सुलभपणे वापरता यावेत म्हणून ‘मॅटलॅब’ लिहिले होते. १९८४ मध्ये त्याची कंपनी झाली आणि ते विकत मिळू लागले. ते उत्तम होते, पण ज्यांच्या खिशाला ते परवडत नव्हते त्यांचे काय? १९९२ मध्ये जॉन ईटन या रसायन-अभियंत्याने ‘ऑक्टेव्ह’ या मुक्त प्रणालीचे लेखन हाती घेतले आणि १९९४ च्या फेब्रुवारीत तिची पहिली पूर्ण आवृत्ती बाहेर पडली. ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ येथे केवळ ‘फुकट’ असा नाही. आज्ञावलीचा मूळ मजकूर वाचण्याची, तो सुधारण्याची आणि सुधारलेला मजकूर दुसऱ्यास देण्याची मोकळीक, असा तो अर्थ आहे.

तरीही मुक्त प्रणालींवर एक आक्षेप राहिला होता: त्या मंद असतात. यंत्र बनविणाऱ्या कंपन्या आपापल्या प्रोसेसरसाठी ब्लासच्या क्रिया स्वतः वेगवान करून घेत आणि त्या आपल्या हाती ठेवीत. टेनेसी विद्यापीठात क्लिंट व्हेली आणि डोंगारा यांनी १९९८ च्या सुमारास यावर एक युक्ती काढली. ‘ॲटलस’ या त्यांच्या संचाने तुकड्यांचे निरनिराळे आकार त्या त्या यंत्रावर स्वतःच चालवून पाहावेत आणि जो सर्वांत त्वरेने चालेल तो निवडावा. विहिरीचे पाणी किती खोल हे ग्रंथात न पाहता दोर सोडून पाहावे, तसे हे होते. ॲटलसमुळे मुक्त प्रणालींना प्रथमच बऱ्यापैकी वेग मिळाला.

आणि मग काझुशिगे गोतो या जपानी गृहस्थाने सर्वांवर ताण केली. हे गृहस्थ व्यवसायाने जपानच्या पेटंट कचेरीत नोकर होते. आव्यूहांचा गुणाकार वेगवान करणे हा त्यांचा छंद होता. २००२ मध्ये ते अमेरिकेतील टेक्सस विद्यापीठात आले. प्रोसेसरला कळणाऱ्या मूळ भाषेत, एकेक आज्ञा हाताने जुळवून, ते आपली आज्ञावली लिहीत. इतर सर्वजण दुकानदाराच्या फळीचाच विचार करीत होते. गोतोंनी दाखवून दिले की मागच्या कोठाराचा, आणि कोणता माल कोठे ठेविला आहे हे सांगणाऱ्या छोट्या वहीचा विचार केल्याशिवाय खरा वेग मिळत नाही. त्या वहीत नोंद न सापडल्यास संगणकाचा किती वेळ जातो, हे त्यांनी नेमके हेरले होते. त्यांच्या आज्ञावलीने कंपन्यांच्या तज्ज्ञमंडळींनाही अनेक यंत्रांवर मागे टाकले. आपली पद्धत त्यांनी रॉबर्ट व्हान डे खाइन या प्राध्यापकाबरोबर २००८ मध्ये निबंधरूपाने जगापुढे ठेविली.

परंतु एका माणसाच्या हातावर उभे असलेले काम त्या माणसाबरोबरच थांबते. २०१० च्या सुमारास गोतो विद्यापीठ सोडून उद्योगक्षेत्रात गेले आणि त्यांच्या आज्ञावलीची वाढ खुंटली. पुढच्याच वर्षी नव्या घडणीचे प्रोसेसर बाजारात आले. त्यांच्यासाठी तीत काहीच सोय नव्हती. हे सारे कौशल्य हळूहळू कालबाह्य होऊन विसरले गेले असते. ते वाचले एका कागदामुळे. गोतोंच्या आज्ञावलीचा परवाना आरंभी काहीसा संकुचित होता, पण शेवटची आवृत्ती अशा परवान्याखाली निघाली होती की कोणीही ती घ्यावी, बदलावी व वाटावी. २०११ मध्ये बीजिंग येथील चिनी विज्ञान अकादमीच्या सॉफ्टवेअर संस्थेतील झांग शियानयी यांनी ती उचलली, नव्या प्रोसेसरसाठी वाढविली आणि ‘ओपनब्लास’ या नावाने चालू ठेविली. आज पायथॉन भाषेतील ‘नमपाय’सारख्या मुक्त प्रणालींच्या तळाशी ओपनब्लास काम करीत असते. जे वापरतात त्यांपैकी बहुतेकांनी गोतोंचे नाव ऐकलेलेही नसते.

येथवर अंदाजी आकड्यांचा विचार झाला. पूल बांधणाऱ्यास पंधरा अंकांपर्यंत अचूक उत्तर पुरे असते. पण संख्याशास्त्रज्ञाला, म्हणजे पूर्णांकांचे गूढ शोधणाऱ्याला, शेवटच्या अंकापर्यंत तंतोतंत उत्तर पाहिजे असते. येथे दुसरीच आपत्ती येते. एकेक अंकी आकड्यांची शंभर ओळींची चौकट घेतली, तरी तिच्या निर्धारकाचे उत्तर शंभराहून अधिक अंकांचे सहज होते आणि मधल्या पायऱ्यांत आकडे फुगत जातात. अशा राक्षसी आकड्यांवर गोतोंची युक्ती चालत नाही.

यावरचा उपाय जुन्या शाळेतील मुलांना अपरिचित नव्हता. गुणाकाराचा ताळा पाहण्यासाठी नवाने भागून बाकी काढावयाची आणि बाक्यांचाच गुणाकार करावयाचा, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली. त्याच धर्तीवर मोठे गणित एका मूळ संख्येच्या बाक्यांत करावे, मग दुसऱ्या मूळ संख्येच्या, मग तिसऱ्या. आणि या सर्व बाक्यांवरून खरी संख्या परत जुळवावी. बाक्यांवरून संख्या शोधण्याची विद्या भारतात फार जुनी आहे. इसवी सन ४९९ मधील ‘आर्यभटीया’त ती येते; तिला कुट्टक-गणित म्हणतात.

फ्रान्समधील द्यूमा, गोत्ये व पेर्ने या गणितज्ञांनी २००२ मध्ये या विद्येला आणि गोतोप्रभृतींच्या वेगाला एकत्र जोडले. त्यांची युक्ती साधी होती. दशांश अपूर्णांकांसाठी बनविलेल्या गणनाच्या सोयीत सुमारे ९ वर १५ शून्ये इतक्या संख्येपर्यंतचे पूर्णांक तंतोतंत मावतात. चार अंकी मूळ संख्येच्या बाक्या घेतल्या, तर दोन बाक्यांचा गुणाकार १० कोटींच्या आत राहतो आणि असे हजार गुणाकार बेरीज केले तरी मर्यादा ओलांडली जात नाही. तेव्हा बाक्यांच्या चौकटी सरळ ब्लासच्या हाती द्याव्यात आणि उत्तर आल्यावर एकदाच बाकी काढावी. अंदाजी गणितासाठी घासून धारदार केलेले हत्यार अशा रीतीने अचूक गणिताच्या कामी आले. करारामुळे वरचा आणि खालचा कारागीर एकमेकांस न भेटताही एकत्र काम करू शकले, ते असे.

हे सर्व धागे एका ठिकाणी विणण्याचे काम विल्यम स्टाइन या अमेरिकन गणितज्ञाने केले. संख्याशास्त्रातील त्यांच्या संशोधनास प्रचंड अचूक आव्यूह लागत आणि त्या वेळी त्यांसाठी सर्वांत समर्थ असलेली प्रणाली बंद मालकीची होती; तिच्या काही भागांचे लेखन स्टाइन यांनी स्वतःच केले होते. २००५ मध्ये त्यांनी ‘सेज’ ही मुक्त प्रणाली प्रसिद्ध केली. त्यांनी सारे नव्याने लिहिण्याचा हट्ट धरला नाही. अचूक आव्यूहांसाठी फ्रेंच व कॅनडातील गणितज्ञांचे संच, केवळ शून्य आणि एक अशा आकड्यांच्या चौकटींसाठी ६४ आकडे एकाच झटक्यात मिळविणारा एक खास संच, पूर्णांकांसाठी आणखी एक, असे निरनिराळ्या देशांतील काम त्यांनी एका छत्राखाली आणले. स्वतः स्टाइन व पेर्ने यांनी पूर्णांक आव्यूहांचे एक विशिष्ट सुलभ रूप काढण्याची वेगवान रीत सेजमध्ये बसविली आणि २०१० मध्ये तिचा निबंधही छापला. रीत वाचावयाची असेल त्याने निबंध वाचावा. ती प्रत्यक्षात कशी उतरली हे पाहावयाचे असेल त्याने आज्ञावली वाचावी. दोन्ही खुली आहेत.

वाचता येण्याचे हे महत्त्व २०१४ मध्ये तीन स्पॅनिश गणितज्ञांनी अमेरिकन गणित परिषदेच्या मुखपत्रात मांडले. एका नामांकित विकाऊ प्रणालीवर ते मोठमोठ्या पूर्णांकांच्या आव्यूहांचे निर्धारक काढीत होते. आपल्या सिद्धांताशी उत्तरे जुळेनात म्हणून त्यांनी आधी स्वतःवरच संशय घेतला. शेवटी ध्यानात आले की प्रणालीच चुकत आहे. इतकेच नव्हे, तर एकच आव्यूह पुन्हा दिला असता ती निराळे उत्तर देत आहे. चूक कोणाकडूनही होते. मुक्त प्रणालीतही दोष सापडतात आणि सापडत राहतील. भेद एवढाच, की मुक्त प्रणालीत संशय आलेला मनुष्य झाकण उघडून आत पाहू शकतो. बंद प्रणालीत त्याने पत्र लिहावे आणि उत्तराची वाट पाहावी. गणिताची सारी प्रतिष्ठा ज्या एका गोष्टीवर उभी आहे, ती म्हणजे कोणीही कोणाचीही पायरी तपासू शकतो ही होय.

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध करमरकरांपुरताच नाही. पुण्यात टाटा उद्योगसमूहाच्या प्रयोगशाळेने उभारलेला ‘एक’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगातील पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत चौथा आला. त्या यादीतील क्रम ठरतो तो एक प्रचंड समीकरणसंच किती त्वरेने सोडविला जातो यावरून, आणि त्या परीक्षेचे नाव अजूनही ‘लिनपॅक’ हेच आहे. त्या प्रकल्पाच्या उभारणीतही करमरकरांचा हात होता. इकडे मुंबईच्या आयआयटीत ‘फॉसी’ या नावाने शिक्षणासाठी मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रसाराचे काम केंद्र सरकारच्या साहाय्याने उभे राहिले. ठिकठिकाणच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे ‘सायलॅब’ या फ्रेंच मूळच्या मुक्त प्रणालीत सोडवून सर्वांसाठी ठेवावीत, असा त्याचा एक उपक्रम आहे. त्या सायलॅबमध्ये ‘करमरकर’ याच नावाची एक आज्ञा आहे. ज्या रीतीसाठी एके काळी ८९ लाख डॉलर मागितले गेले, ती आज त्यांच्याच विद्यालयातील मुलगा एक ओळ लिहून फुकट चालवू शकतो.

म्हणून सर्व काही सुरळीत झाले असे मात्र समजू नये. सार्वजनिक विहिरीचे पाणी सर्वजण भरतात. गाळ उपसण्याची वेळ आली की माणसे मोजकीच येतात. नवा प्रोसेसर निघाला की कोणीतरी बसून पुन्हा तुकड्यांचे माप ठरवावे लागते, एकेक आज्ञा जुळवावी लागते, जगाच्या कोनाकोपऱ्यांतून आलेल्या तक्रारींस उत्तरे द्यावी लागतात. या कामाने निबंध छापून येत नाहीत आणि विद्यापीठात बढतीही सहसा मिळत नाही. स्टाइन यांनी २०१६ मध्ये विद्यापीठीय जीवन सोडून कंपनी उभी करण्याचा आपला निर्णय जाहीर केला, तेव्हा त्यांची तक्रार हीच होती: गणितज्ञांना मुक्त प्रणाली हवी असते, परंतु ती लिहिणाऱ्याला पोसण्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

ल्यू ह्वीच्या काळी काड्यांची रीत ज्याला येत होती त्याने ती लिहून ठेविली, म्हणून ती आज आपल्यापर्यंत पोचली. गोतोंनी हातांनी जुळविलेल्या आज्ञा परवान्याच्या एका कागदामुळे बीजिंगच्या तरुणाच्या हाती पडल्या आणि जिवंत राहिल्या. मधल्या शतकांत किती रीती त्यांच्या जाणकारांबरोबरच नाहीशा झाल्या असतील, याची गणती नाही. बेळगाव, इंदूर वा पणजीच्या महाविद्यालयातील विद्यार्थी उद्या आपल्या साध्या संगणकावर हजार समीकरणे क्षणार्धात सोडवील, तेव्हा त्याला तो वेग यंत्राचा वाटेल. त्याच्या शिक्षकांनी त्यास एवढे अवश्य सांगावे, की त्यातला पुष्कळसा वेग माणसांचा आहे. तो त्यांनी आपल्याजवळ न ठेवता दिला आहे. आणि ज्यास आज्ञावली वाचता येते त्याला तो तपासण्याचा आणि वाढविण्याचा अधिकार आहे. हा अधिकार वापरणारे पुढे येत राहिले, तरच तो टिकेल.